अपूर्णांकातला उशीर

वासद हे महीच्या उत्तर काठावरचे गाव. बडोद्याहून आणंदच्या दिशेने निघाले आणि नदीचा पूल ओलांडला की ते लागते. तिथल्या सरदार वल्लभभाई पटेल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले दीपेश शाह आणि अहमदाबादच्या आयआयटीरॅम या संस्थेतले अक्षयकुमार मेहता या दोघांचे एक इंग्रजी पुस्तक स्प्रिंगरने २०१८ साली काढले: ‘डिस्क्रीट-टाइम स्लायडिंग मोड कंट्रोल फॉर नेटवर्क्ड कंट्रोल सिस्टिम’. समीकरणे, प्रमेये, सिद्धता आणि आलेख हा त्याचा ऐवज. सामान्य वाचकासाठी ते लिहिलेले नाही. तरीही त्याचे रसग्रहण मराठीत व्हावे असे मला मनापासून वाटते, कारण त्याच्या गाभ्याला असलेली कल्पना सुंदर आहे. सुंदर हा शब्द इथे मी विचार करून वापरतो आहे.

बडोद्यात हे करणे अस्थानी नाही. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी कलाभवन उघडले, ते कारागिरांच्या मुलांना यंत्रविद्या आणि रसायन शिकता यावे म्हणून. पुढे श्री सयाजी साहित्यमालेत मराठी आणि गुजराती पुस्तकांची रांग लागली, त्यांत शास्त्राच्या विषयांनाही जागा होती. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांत ही पुस्तके कपाटात असत. शास्त्राचे पुस्तक वाचून त्यावर आपल्या भाषेत बोलावे, ही या शहराची जुनी सवय आहे.

विषय असा. मोटर, झडप किंवा भट्टी हव्या त्या स्थितीत ठेवायची तर स्थिती मोजणारा सेन्सर लागतो, मोजमाप पाहून निर्णय घेणारा कंट्रोलर लागतो आणि निर्णय अमलात आणणारा ॲक्च्युएटर लागतो. पूर्वी या तिघांमध्ये स्वतंत्र तांब्याच्या तारा असत. मकरपुऱ्याच्या कोणत्याही जुन्या कारखान्यात आजही ४ ते २० मिलिअँपिअरची ती जोडणी दिसेल. एक तार, एक सिग्नल, वाटेत दुसरे कोणी नाही. आता तिघेही एकाच नेटवर्कवर बसतात. तारा वाचतात, दुरुस्ती सोपी होते, दूरचे यंत्र जवळ येते. पण मोजमाप आता पॅकेट बनून प्रवास करते आणि त्या रस्त्यावर इतरांचीही पॅकेटे असतात. सेन्सरपासून कंट्रोलरपर्यंत एक उशीर, कंट्रोलरपासून ॲक्च्युएटरपर्यंत दुसरा. कधी पॅकेट पोचतच नाही.

उशिराचे नुकसान नेमके किती, हे एका हिशोबात दिसते. समजा सेन्सर, कंट्रोलर, ॲक्च्युएटर यांचा असा एखादा फेरा, म्हणजे लूप, सेकंदाला १० रेडियनच्या आसपास काम करतो आणि त्याला ६० अंशांची फेज मार्जिन, म्हणजे झुलू लागण्याआधीची सवलत, आहे. ६० अंश म्हणजे १.०५ रेडियन. त्याला १० ने भागले की ०.१०५ सेकंद येतात. एवढा उशीर लूपमध्ये शिरला की कंट्रोलरची दुरुस्ती चुकीच्या वेळी पोचते, चूक कमी करण्याऐवजी तिला ढकलत राहते आणि यंत्र झुलू लागते. इन्स्ट्रुमेंटवाले म्हणतात, ‘लूप हंट करतोय’. पाचपट वेगाने काम करणाऱ्या लूपला तेवढीच मार्जिन असेल तर २१ मिलिसेकंदही पुरतात.

उशीर हा शत्रू या शहराच्या कारखान्यांना नवा नाही. कोयलीची रिफायनरी १९६५ पासून चालू आहे आणि रसायनाच्या कारखान्यात द्रव पाइपातून वाहत जाण्याचा वेळ, विश्लेषकाला नमुना तपासायला लागणारा वेळ, हे सगळे ‘डेड टाइम’ म्हणून रोज भोगावे लागते. साठ मीटरच्या पाइपात सेकंदाला दीड मीटर वेगाने द्रव वाहत असेल तर वरच्या टोकाला केलेला बदल खालच्या टोकाला ४० सेकंदांनी कळणार. यावरचा प्रसिद्ध तोडगा कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या ओटो स्मिथ यांनी १९५७ मध्ये मांडला. कंट्रोलरच्या आत यंत्राचे एक प्रतिरूप ठेवायचे, प्रत्यक्ष उत्तर येईपर्यंत त्या प्रतिरूपाचे उत्तर वापरायचे, आणि खरे उत्तर आले की दोन्ही ताडून पाहायचे. स्मिथचा हा तोडगा फार मोठा आहे. मात्र त्याची एक अट आहे: उशीर किती, हे पक्के ठाऊक हवे आणि तो फारसा बदलता कामा नये. पाइपातला उशीर पाइपाची लांबी आणि द्रवाचा वेग ठरवतात. नेटवर्कमधला उशीर शेजाऱ्यांची रहदारी ठरवते.

म्हणून नेटवर्कच्या काळात वेगळे उपाय आले. अशोक रे आणि रॉजेलियो लक यांनी १९९० मध्ये सुचवलेला उपाय मला या पुस्तकाच्या वाचनासाठी महत्त्वाचा वाटतो. त्यांनी वाटेत प्रतीक्षेची जागा ठेवली. लवकर आलेल्या पॅकेटाने थांबायचे, सर्वांत उशिरा येऊ शकणाऱ्या पॅकेटाइतका वेळ सर्वांनी घ्यायचा. मग उशीर मोठा होतो पण स्थिर होतो, आणि स्थिर उशिराचे गणित आधीच तयार आहे. हा उपाय शहाणपणाचा आहे, आजही वापरात आहे. पण त्यात एक किंमत दडलेली आहे आणि वासदचे पुस्तक नेमके त्या किमतीकडे बोट दाखवते.

डिजिटल कंट्रोलर सतत पाहत नाही. तो ठरावीक अंतराने पाहतो, समजा दर ३० मिलिसेकंदांनी. या अंतराला सॅम्पलिंगचा काळ म्हणतात. त्याच्या गणितात वेळ मोजायचे एकक हेच: एक नमुना, दोन नमुने, तीन नमुने. आता नेटवर्कवर १८ मिलिसेकंद उशीर झाला. तो एका नमुन्याहून कमी आहे. कंट्रोलरच्या भाषेत १८ मिलिसेकंद म्हणायची सोयच नाही. एक तर शून्य म्हणा, नाही तर एक म्हणा. शून्य म्हटले तर खोटे, एक म्हटले तर १२ मिलिसेकंद आपणच पदरचे घातले. सेकंदाला १० रेडियनच्या लूपमध्ये हे १२ मिलिसेकंद सुमारे ७ अंशांची मार्जिन खातात. (हे आकडे माझे आहेत, पुस्तकातले नव्हेत, मुद्दा समजायला गोल आकडे घेतले आहेत.) अनेकांनी सोयीसाठी ‘एक’ म्हणायचे ठरवले. शाह आणि मेहता म्हणतात, शून्य दशांश सहा म्हणा.

पुस्तकाची सगळी इमारत या एका निर्णयावर उभी आहे. अपूर्णांकातल्या उशिराला अपूर्णांक म्हणूनच वागवायचे. ऐकायला साधी गोष्ट आहे, पण दर ३० मिलिसेकंदांनीच डोळे उघडणाऱ्या यंत्राने १८ मिलिसेकंदांपूर्वीची स्थिती कशी सांगायची? त्या क्षणी तर त्याने पाहिलेच नव्हते.

इथे लेखक १९७१ सालच्या एका लेखाकडे जातात. थिरान यांनी तो डिजिटल फिल्टरच्या संदर्भात लिहिला होता. नियंत्रणशास्त्राशी त्याचा थेट संबंध नव्हता. थिरान यांचा प्रश्न असा होता की सिग्नलला अपूर्णांकाएवढे मागे सरकवायचे, पण त्याचा आकार बिघडू द्यायचा नाही, तर फिल्टर कसा रचावा? त्यांच्या उत्तराचे सर्वांत साधे, पहिल्या क्रमाचे रूप कागदावर करून पाहण्यासारखे आहे. उशीर ०.६ नमुना असेल तर एक गुणक काढायचा: एकातून ०.६ वजा केले की ०.४, एकात ०.६ मिळवले की १.६, पहिल्याला दुसऱ्याने भागले की ०.२५. आता नवे उत्तर काढायचे ते असे: आत्ताच्या नमुन्याचा पाव हिस्सा, त्यात मागचा नमुना पुरता, आणि त्यातून मागच्या उत्तराचा पाव हिस्सा वजा. बस्स.

करून पाहू. एखादी राशी दर नमुन्याला एकाने वाढते आहे. मागच्या वेळी ९ होती, आत्ता १० आहे. मागच्या वेळचे बरोबर उत्तर ९ मधून ०.६ वजा, म्हणजे ८.४ होते. आता १० चा पाव हिस्सा २.५, त्यात ९ मिळवले की ११.५, त्यातून ८.४ चा पाव हिस्सा म्हणजे २.१ वजा केला की ९.४. आणि १० मधून ०.६ गेले की ९.४ च उरतात. ज्या क्षणी कोणी पाहिले नव्हते त्या क्षणाची किंमत दोन गुणाकार आणि एक बेरीज-वजाबाकी यांतून अचूक बाहेर आली. हा हिशोब मी प्रथम कागदावर केला तेव्हा मला जो आनंद झाला, तो वाचकालाही व्हावा म्हणून इतके तपशिलात सांगितले.

कोणी म्हणेल, यात काय मोठे, दोन नमुन्यांच्या मधली किंमत आपण शाळेतही काढतो. आत्ताचा ४० टक्के आणि मागचा ६० टक्के असे मिश्रण केले तरी ९.४ च येतात. खरे आहे. पण राशी सावकाश वाढत नसून दर नमुन्याला वर-खाली उडी घेत असेल तर काय होते पाहा. एकदा अधिक एक, एकदा उणे एक. शाळेतल्या मिश्रणातून ४० टक्के एका बाजूला आणि ६० टक्के दुसऱ्या बाजूला जातात, उरतो फक्त पाचवा हिस्सा. हालचालीचा आवाकाच गिळला गेला. थिरानच्या रचनेत तसे होत नाही. सिग्नल हळू असो की जलद, त्याची उंची जशीच्या तशी राहते. बदलते ती फक्त वेळ. हळू आणि मध्यम हालचालींसाठी ही वेळही जवळजवळ एकसारखी बदलते, आणि थिरानच्या लेखाचा खरा हेतू तोच होता: उशीर शक्य तितका सपाट ठेवणे. उशिराखेरीज दुसरे काहीही करत नाही असा उशीर. कंट्रोलरला हेच हवे असते, कारण उंची बदलली तर त्याला वाटेल यंत्रच बदलले.

थोडे विषयांतर करतो, कारण हे शहर उस्ताद फैयाज खाँचे आहे. संगणकावर तारेचा आवाज तयार करताना हीच अडचण येते. सेकंदाला ४४,१०० नमुने घेणाऱ्या यंत्रावर १,५०० हर्ट्झचा स्वर हवा असेल तर लूपमध्ये २९.४ नमुन्यांचा उशीर लागतो. तो २९ केला तर स्वर जवळपास १,५२१ हर्ट्झचा होतो. हा फरक प्रमाण श्रुती या सूक्ष्म स्वरांतराहूनही थोडा अधिक आहे, म्हणजे ज्याचा कान तयार आहे त्याला बोचणारा. डेव्हिड जॅफी आणि ज्युलियस स्मिथ यांनी १९८३ मध्ये अशी कृत्रिम तार सुरात आणायला याच जातीचा पहिल्या क्रमाचा फिल्टर वापरला. संगीतात अपूर्णांक सोडून चालत नाही हे आपण मानतो. मोटरच्या बाबतीतही तो सोडू नये, हा आग्रह मला म्हणूनच कलावंताचा वाटतो.

आता पुस्तकाचा दुसरा धागा. स्लायडिंग मोड ही नियंत्रणाची पद्धत मूळची सोव्हिएत रशियातली. एमेल्यानोव्ह आणि उत्किन ही त्यातली मोठी नावे. तिचा विचार असा. मोटर हव्या त्या कोनापासून किती दूर आहे आणि ते अंतर कोणत्या वेगाने बदलते आहे, या दोन राशी घ्या. अंतराला एका आकड्याने, समजा ५ ने, गुणून त्यात वेग मिळवा. ही बेरीज शून्य असेल अशा सगळ्या स्थिती एका रेषेवर पडतात. यंत्र त्या रेषेवर आले आणि तिथेच राहिले तर अंतर ०.२ सेकंदात ३७ टक्क्यांवर येते आणि ०.८ सेकंदात २ टक्क्यांच्या आत. यातली खुबी म्हणजे मोटरवर भार किती, घर्षण किती, यावर हा वेग अवलंबून राहत नाही. तो ठरवतो त्या रेषेचा उतार, आणि उतार ठरवतो अभियंता. यंत्राला रेषेवर आणायचे आणि घसरत मुक्कामी जाऊ द्यायचे. दोनाहून अधिक राशी असतील तर रेषेच्या जागी पृष्ठभाग येतो, म्हणून स्लायडिंग सरफेस.

पण रेषेच्या कोणत्या बाजूला आहोत हे पाहून जोर लावायचा आणि तेच पाहण्यात उशीर झाला, तर? यंत्र रेषा ओलांडून गेलेले असते, कंट्रोलरला वाटते अजून अलीकडेच आहे. तो ढकलतच राहतो. मग कळते, मग उलट ढकलतो, पुन्हा उशिरा कळते. आदर्श परिस्थितीत याचे गणित सोपे आहे: अशा झुल्याचा एक फेरा उशिराच्या चौपट वेळात पुरा होतो. १८ मिलिसेकंदांच्या उशिराला ७२ मिलिसेकंदांचा फेरा, म्हणजे सेकंदाला सुमारे १४ थरथरी. याला चॅटरिंग म्हणतात. गिअर झिजतात, वाइंडिंग तापते. भाराला आणि घर्षणाला न जुमानणारी ही पद्धत उशिरापुढे मात्र हळवी आहे. नेटवर्कवर स्लायडिंग मोड वापरायचा म्हणजे तिच्या सर्वांत दुखऱ्या जागेवर बोट ठेवायचे.

पुस्तकाचा कळसाचा क्षण माझ्या मते इथे येतो. लेखक उशिराला बाहेरून झालेला उपद्रव मानत नाहीत. ते त्याला रेषेच्या व्याख्येतच जागा देतात. ‘मॉडिफाइड’ म्हणून जो नवा पृष्ठभाग ते मांडतात, त्यात थिरानच्या रचनेतून आलेला अपूर्णांकाचा हिशोब आधीच बसवलेला असतो. उशिरा मिळालेली स्थिती उशिराचीच आहे हे पृष्ठभागाला ठाऊक असते. पुढचा कंट्रोलर मग याच पृष्ठभागावरून काढला जातो, त्यामुळे उशिरासाठी वेगळी पट्टी लावावी लागत नाही. बहुतेक रचनांत आधी चांगल्या दिवसांसाठी कंट्रोलर करतात आणि मग नेटवर्कचे दोष सहन होतात का ते तपासतात. इथे क्रम उलटा आहे. मुक्काम ठरवतानाच वाटेतला उशीर मोजला आहे. गणिती मजकुरातली ही जागा पहिल्या वाचनात सहज निसटते, कारण एका समीकरणात एक गुणक वाढलेला दिसतो, इतकेच. पुढचे सगळे त्या गुणकाने पेलले आहे.

यानंतर पुस्तक दोन वाटांनी जाते. पहिली स्विचिंगची, म्हणजे बाजू पाहून जोर बदलण्याची. डिजिटल यंत्रासाठी तिची पायाभूत मांडणी गाओ, वांग आणि होमाइफा यांनी १९९५ मध्ये केली होती. दुसरी स्विचिंगशिवायची. तिची मुळे पोलंडच्या बार्तोशेविच यांच्या १९९८ च्या कामात आहेत: पृष्ठभागापासूनचे अंतर कसे कमी व्हावे हे आधीच आखून ठेवायचे, ठरावीक नमुन्यांत ते शून्यावर आणायचे, आणि जोर त्या आखणीप्रमाणे लावायचा. वीस नमुने ठरवले तर आपल्या ३० मिलिसेकंदांच्या घड्याळात ०.६ सेकंद. झटके नाहीत, म्हणून थरथर कमी. मला ही दुसरी वाट अधिक आवडते. उशिरा कळणाऱ्याने झटके देऊ नयेत, हे तिच्यात गणितानेच सांगितले आहे. पहिली वाट पुस्तकात हवी कारण परंपरा तिथून येते, आणि तुलनेशिवाय दुसरीचे मोल कळत नाही.

इथे मुंबईचा ऋणनिर्देश करायला हवा. डिजिटल स्लायडिंग मोडवर भारतात जे काम झाले त्याचे मोठे केंद्र पवईची आयआयटी, आणि तिथे काम केलेले प्रा. बिज्नान बंदोपाध्याय. जनार्दनन यांच्यासोबत त्यांनी २००६ मध्ये लिहिलेले पुस्तक या क्षेत्रात आजही आधाराचे आहे. मेहता यांचे आधीचे कामही याच परंपरेतले. पवईहून निघालेला विचार महीकाठच्या प्रयोगशाळेत नेटवर्कच्या प्रश्नाला भिडला, असे या पुस्तकाकडे पाहता येते.

आता जिथे माझे मन पूर्ण भरत नाही त्या भागाकडे. ठरावीक उशिराचे काम झाल्यावर लेखक लहरी उशिराकडे वळतात. उशीर दर वेळी वेगळा, शिवाय पॅकेट हरवण्याची शक्यता. त्यांनी उशिरासाठी पॉयसाँचे वितरण घेतले आणि पॅकेट हरवण्यासाठी बर्नुलीचे. एक पॅकेट हरवले तर आणि अनेक हरवली तर, अशा दोन्ही स्थिती तपासल्या. ल्यापुनोव्हच्या पद्धतीने स्थैर्याच्या अटी काढल्या. गणित नेटके आहे. शंका आहे ती गृहीतकांवर.

बर्नुली म्हणजे प्रत्येक पॅकेटासाठी नाणे वेगळे उडवायचे. मागचे पॅकेट हरवले की पोचले, याचा पुढच्यावर काही परिणाम नाही. हरवण्याची शक्यता दहात एक धरली तर लागोपाठ तीन हरवण्याची शक्यता हजारात एक, म्हणजे ३० मिलिसेकंदांच्या सॅम्पलिंगला सुमारे अर्ध्या मिनिटातून एकदा. प्रत्यक्षात, विशेषतः बिनतारी नेटवर्कवर, पॅकेटे घोळक्याने हरवतात. मोठे वेल्डिंग मशीन चालू झाले, मधे क्रेन आली, की काही काळ सगळेच जाते आणि मग बराच वेळ सगळे सुरळीत. सरासरी तीच, पण यंत्राच्या वाट्याला येणारा अंधार वेगळा. गिल्बर्ट यांनी १९६० मध्ये आणि इलियट यांनी १९६३ मध्ये टेलिफोनच्या तारांसाठी नेमके हेच मांडले होते: वाहिनीला चांगली आणि वाईट अशा दोन अवस्था असतात. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात योहान निल्सन यांनी १९९८ च्या प्रबंधात नेटवर्कच्या उशिरासाठी अशीच स्मरण ठेवणारी मार्कोव्ह साखळी वापरली. ती दिशा इथे घेतली असती तर पुस्तकाची दुसरी बाजू पहिलीइतकी भक्कम झाली असती.

पॉयसाँबद्दलही असेच. त्या वितरणात सरासरी आणि विचरण एकमेकांना बांधलेले असतात. उशीर वाढला की अनिश्चितताही वाढलीच पाहिजे. लांब फायबरवर उशीर मोठा असतो पण जवळपास अचल असतो. गजबजलेल्या लहान नेटवर्कवर उशीर छोटा पण चंचल असतो. एका बटणाने दोन्ही फिरवता येत नाहीत. शिवाय पॅकेट हरवले तर ॲक्च्युएटरने जुनाच आदेश धरून ठेवावा की शून्यावर जावे, हाही प्रश्न उरतो. इटलीच्या लुका शेनातो यांनी २००९ मध्ये दाखवले की दोन्हींपैकी कोणताच पर्याय सदासर्वदा चांगला नाही.

ही तक्रार करताना मी विसरत नाही की लेखकांनी सिद्धतेवर भागवलेले नाही. त्यांनी सर्वो यंत्रणेवर प्रयोग केले. खरी मोटर, खरे घर्षण. नियंत्रणशास्त्रातली पुष्कळ पुस्तके सिम्युलेशनच्या आलेखापाशी थांबतात. प्रयोगशाळेत मोटर हवा तो कोन पकडते की नाही, हे पाहणे वेगळ्या धाडसाचे काम आहे, कारण मोटर प्रमेय वाचत नाही.

सर्वो निवडण्यामागचे कारण समजण्यासारखे आहे: ती जलद आहे, तिला मिलिसेकंद बोचतात. पण तिच्यामुळे पुस्तकाची सीमाही स्पष्ट होते. इथला सगळा विचार सॅम्पलिंगच्या एका काळात मावणाऱ्या उशिराचा आहे. बडोद्यातच गोत्रीला गुजरातचे राज्य भार प्रेषण केंद्र आहे. राज्यभरातल्या वीजकेंद्रांची आणि सबस्टेशनांची मोजमापे तिथे येतात, मागणी आणि पुरवठ्याचा मेळ तिथून घातला जातो. त्या पसरलेल्या व्यवस्थेत मोजमापे अनेक टप्पे ओलांडून येतात, प्रत्येक टप्प्याचा उशीर वेगळा असतो आणि त्यांची बेरीज एका नमुन्यात मावेलच असे नाही. अशा ठिकाणी आधी पूर्णांकाचा भाग सोडवावा लागेल आणि उरलेल्या अपूर्णांकाला थिरान लागेल. पद्धत निरुपयोगी होत नाही, पण एकटी पुरतही नाही.

कोणाला वाटेल, नेटवर्क दिवसेंदिवस वेगवान होत आहेत, मग या अपूर्णांकाची चिंता कशाला? मला उलट दिसते. नेटवर्क वेगवान झाले की अभियंता सॅम्पलिंगही वेगवान करतो, अधिक चपळ यंत्रे त्याच नेटवर्कवर आणतो. ३० मिलिसेकंदांचे ३ झाले, १८ चे १.८ झाले, तरी गुणोत्तर ०.६ च राहिले. थिरानच्या गुणकात मिलिसेकंद कुठेच येत नाहीत, फक्त गुणोत्तर येते. म्हणून हे काम जुने होणार नाही.

माझे मत स्पष्ट सांगतो. ठरावीक उशिराचा भाग, आणि त्यातही थिरानच्या आधाराने बदललेला पृष्ठभाग, हा या पुस्तकाचा टिकणारा वाटा आहे. स्विचिंगशिवायची रचना त्याचे सर्वांत चांगले फळ. लहरी उशिराचा भाग प्रामाणिक आहे, पण पुरा नाही. बडोद्यातल्या महाविद्यालयांत कंट्रोल शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे की त्यांनी ०.२५ चा तो गुणक एकदा फळ्यावर काढावा, ९ आणि १० घेऊन ९.४ काढून दाखवावेत, आणि मगच स्लायडिंग सरफेसकडे जावे. आणि कोणी विद्यार्थी प्रबंधासाठी विषय शोधत असेल, तर त्याने हेच पुस्तक घ्यावे, बर्नुलीच्या जागी दोन अवस्थांची मार्कोव्ह साखळी बसवावी, स्थैर्याच्या अटी पुन्हा काढाव्या आणि त्या सर्वो मोटरवर तपासून पाहाव्या.